चौदा गोधड्या, ऑगस्ट ते नाताळ

ऑगस्ट २०२४ मध्ये नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, भगिनी मंडळानं ठरवलं, यंदा नाताळाच्या आधी जुन्या सुती साड्यांच्या वीस गोधड्या शिवून द्यायच्या. डिसेंबरात तयार होत्या चौदा. नऊ जणी, एक शिलाई मशीन, अकरा शनिवार आणि एकूण रोख खर्च १४४० रुपये. शिवण्यापेक्षा जास्त वेळ कुठे गेला, कापड कुठे फसवतं, देताना काय विचारून घ्यावं लागतं, हे पुढे तारखांसकट लिहिलं आहे. दुसऱ्या एखाद्या मंडळीनं काम हाती घेतलं तर निदान आमच्या चुका तरी त्यांनी पुन्हा करू नयेत.

११ ऑगस्टच्या उपासनेनंतर जाहीर केलं की १ सप्टेंबरपर्यंत सुती साड्या आणून द्या. तेव्हा गोधड्या नवजात बाळांच्या वॉर्डात द्यायच्या होत्या. १९ ऑगस्टला एका सरकारी रुग्णालयात मंडळीच्या लेटरहेडवर पत्र दिलं. पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती फाइलला लावा. तो क्रमांक नसेल तर पुढच्या खेपेला पत्र सापडतच नाही. अठरा दिवसांनी, तीन चकरांनंतर, ६ सप्टेंबरला तोंडी उत्तर मिळालं: वापरलेल्या कापडाच्या गोधड्या त्या वॉर्डात चालत नाहीत. तिथलं कापड रोज गरम पाण्यात धुवावं लागतं, आणि पाच थरांची हातशिलाईची गोधडी आतून लवकर वाळत नाही. कारण अगदी बरोबर होतं. आमचं चुकलं ते क्रमात. कुणाला द्यायचं ते आधी विचारायचं आणि मग साड्या मागायच्या, आम्ही उलटं केलं. तोवर मंडळीच्या खोलीत एकाहत्तर साड्या येऊन पडल्या होत्या.

मग मंडळातल्या एकीनं कोप्यांचं नाव काढलं. आमच्या भागात गळीत हंगामात बीडकडून ऊसतोडीची माणसं येतात आणि चार-पाच महिने बांबू, चटई आणि ताडपत्रीच्या कोप्यांत राहतात. डिसेंबर-जानेवारीत इथली थंडी हाडात शिरते. पहाटे चार वाजता कोयते, म्हणजे तोडणी करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, उसाच्या फडाकडे निघतात, लेकरं कोपीतच असतात. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात एक जागा आहे: उघड्या माणसाला कुणी नुसतं म्हणालं, जा, ऊब घे, पोटभर खा, आणि दिलं काहीच नाही, तर त्याचा उपयोग काय? हा अध्याय आम्ही दरवर्षी वाचतो. कोप्याही दरवर्षी त्याच रस्त्याला लागतात.

७ सप्टेंबरला गणेश चतुर्थीची सुट्टी होती, त्या दिवशी साड्या निवडल्या. सगळ्या कामात हा दिवस सर्वांत महत्त्वाचा. कोपीत चूल असते, खाली उसाचं वाळलेलं पाचट पसरलेलं असतं, ताडपत्रीही पेट घेते. टेरीन, नायलॉन किंवा मिश्र धाग्याचं कापड तिथे धोक्याचं, कारण ते वितळून कातडीला चिकटतं. सुती कापडही जळतं, पण चिकटत नाही, आणि ठिणगी पडली तर धुमसत असताना वास येतो, ओढून बाजूला टाकता येतं. म्हणून शंभर टक्के सुती नसेल ती साडी बाद.

हाताला सुती लागणाऱ्या साड्या सुती असतातच असं नाही. परीक्षा अशी करा. साडीच्या कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा ओढून काढा, कारण मिश्र कापडात बरेचदा एकच दिशा सुती असते. दोन्ही धागे चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मागे राखाडी, मऊ राख राहते, बोटानं चोळली की उडून जाते. दुसऱ्या जातीचा धागा आधी आखडतो, मग टोकाला काळी, टणक गुठळी धरतो. ती नखानं फुटत नाही. एकाहत्तरपैकी सेहेचाळीस साड्या पास झाल्या. बाद झालेल्या पंचवीस बोहारणीला दिल्या, त्यांची दोन स्टीलची पातेली आली, ती मंडळीच्या स्वयंपाकघरात आहेत.

पास झालेल्या साड्यांतही दुसरी चाळण लावा. साडी उजेडात धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी ताणा. टर्र आवाज आला तर ते कापड वरच्या किंवा खालच्या थराला घेऊ नका, आतल्या थरात चालेल. निऱ्यांच्या खालच्या कडेला कापड सर्वांत आधी विरतं. कमरेला खोचायचा भाग बहुधा धड असतो. फॉल उसवून काढायचाच, तो वेगळ्या कापडाचा असतो आणि धुतल्यावर वेगळा आटतो. जरीचा काठ असला तर कापून टाका, लहान मुलांच्या गालाला तो घासतो.

इथेच एक प्रश्न उभा राहिला, आणि तो तुमच्याकडेही येईल. फाटक्या, डाग पडलेल्या साड्या देणाऱ्याला परत कशा करायच्या? वाईट वाटतं. मलाखीच्या पहिल्या अध्यायात संदेष्टा लोकांना विचारतो, लंगडं, आजारी जनावर तुम्ही वेदीवर आणता. तेच तुमच्या अधिकाऱ्याला नेऊन द्या पाहू, तो खूश होईल का? हे वचन घेऊन बसलो आणि एक साधी कसोटी ठरवली: जी गोधडी आपल्या घरी आलेल्या पाहुण्याला अंथरायला लाज वाटेल, ती शिवायचीच नाही. साड्या परत केल्या, नीट घडी घालून, आभार मानून. कुणी रागावलं नाही.

आता मापं. सहावारी साडी साडेपाच मीटर म्हणजे साधारण २१६ इंच, पन्हा ४५ इंच. तिचे ६१ इंचांचे तीन तुकडे होतात आणि ३३ इंच उरतात. नऊवारीतून असे पाच तुकडे निघतात. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की ८९ बाय ६१ इंचांचा एक थर. तीन सहावारी साड्यांचे नऊ तुकडे, त्यांतल्या आठांचे चार थर. नववा तुकडा आणि तिन्ही साड्यांची उरलेली टोकं वरच्या ठिगळांच्या थराला. ठिगळं सात इंची चौकोनी कापा, प्रत्येक बाजूला अर्धा इंच शिलाईत गेला की सहा इंच राहतात. चौदा ओळी, ओळीत नऊ, म्हणजे १२६ ठिगळं आणि ८४ बाय ५४ इंचांचा वरचा थर. चौरस इंचांच्या हिशेबानं कापड पुरतं, पण काठ, डाग आणि विरलेला भाग कापला की कमी पडतं. तिथे जुन्या सुती शर्टांच्या पाठी आणि ब्लाऊजपीस कामाला येतात. आतले तीन थर वरच्या मापाला कापून घ्या. सर्वांत खालचा थर तसाच मोठा ठेवा, त्याची वाढीव कड वर दुमडून गोट होतो. वेगळी पट्टी लागत नाही.

पाचच थर का? आमच्याकडे घरी सात-आठ थरांच्या वाकळी असतात, त्या छान उबदार होतात. पण कोपीवर पाणी हंड्यानं येतं आणि धुणं संध्याकाळी, फडावरून आल्यावर होतं. पाच थरांची गोधडी दीड किलोच्या आसपास भरते, ओली झाली तरी एका बाईला पिळता येते आणि दिवसभराच्या उन्हात वाळते. सात थरांची दोन किलोच्या पुढे जाते, आतून ओलसर राहते आणि कुबट वास धरते. द्यायची वस्तू कोण, कुठल्या पाण्यानं, किती वाजता धुणार आहे, हे धरूनच तिचं माप काढायचं.

कापण्याआधी धुणं. हे ८ सप्टेंबरपासून सुरू केलं आणि पावसानं दोन आठवडे खाल्ले. साड्यांतली खळ निघायलाच हवी. खळीच्या कापडात सुई अडते, आणि ठेवलेल्या कापडाला कसर लागते ती खळीमुळेच. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी धुण्याच्या सोड्यात धुवा आणि पाणी गुळगुळीत लागायचं थांबेपर्यंत खळबळा. रंग जातो का ते पाहायला ओलं पांढरं फडकं साडीवर दाबून ठेवा. फडक्यावर रंग उतरला तर मिठाच्या पाण्यानं तो पक्का होत नाही, ती साडी वेगळी दोन-तीनदा धुवा, नाहीतर आतल्या थराला घ्या. एक लाल साडी आम्ही घाईत वरच्या थराला घेतली, पहिल्या धुण्यात शेजारची सगळी पांढरी ठिगळं गुलाबी झाली. ती ठिगळं उसवून बदलली, एक अख्खा शनिवार गेला. ठेवताना डांबरगोळ्या टाकू नका, तान्ह्या बाळांना त्या बाधू शकतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि देण्याआधी दोन दिवस कडक ऊन दाखवा.

१४ सप्टेंबरच्या शनिवारपासून शिवणं. दुपारी दोन ते पाच, ३० नोव्हेंबरपर्यंत, मधला पाडव्याचा शनिवार सोडून. ठिगळांचा थर मशीनवर, बाकी सगळं हातानं धावदोरा. मशीननं गोधडी दाबून निघते, थरांमध्ये हवा राहत नाही आणि ऊब कमी होते. 

पहिल्या गोधडीत मोठी चूक झाली. चारही कडा आधी शिवून टाकल्या आणि मग आत आलो. थर एकमेकांवर सरकत गेले, सगळं सैल कापड मधे गोळा झालं आणि बरोबर पोटावर येईल अशा जागी विताएवढा झोळ पडला. दोन शनिवारांचं काम उसवलं. बरोबर क्रम असा: फरशी पुसून खालचा थर उलटा पसरा, चार कोपऱ्यांवर वजनं ठेवा, प्रत्येक थर घालताना मधून बाहेर हातानं साफ करा. मग हातभर अंतरावर पांढऱ्या दोऱ्यानं कच्चे टाके, उभे आणि आडवे. त्यानंतरच धावदोरा, मधल्या ओळीपासून दोन्ही बाजूंना बाहेर. गोट सगळ्यांत शेवटी.

ओळींमध्ये एक इंच अंतर, टाका सुमारे एक सेंटिमीटर. अशा चोपन्न ओळी होतात. एका गोधडीला दीडशे मीटर दोरा लागतो, हे पहिल्या गोधडीनंतर मोजूनच कळलं, तोवर तीन वेळा दुकानात जाणं झालं. दोऱ्याची रिळं एकदम घ्या: दोनशे मीटरची बारा रिळं आम्हाला तेव्हा ७० रुपयांप्रमाणे ८४० रुपयांना पडली. लांब सुया ६० रुपयांच्या, चार अंगुस्तानं ६०, साबण-सोडा १८०. दोरा दोन हातांपेक्षा लांब घेतला तर गुंता होतो. वेदीवरच्या जळून उरलेल्या मेणबत्त्यांचे बुडखे आम्ही साठवले होते. दोरा त्या मेणावरून एकदा ओढून घेतला की पिळ खात नाही आणि नेढ्यातून पटकन जातो. गाठ वर ठेवू नका, हलका झटका देऊन दोन थरांच्या मधे ओढून घ्या. बोटाला टोचून रक्ताचा डाग पडला तर लगेच गार पाण्यानं धुवा, गरम पाण्यानं तो पक्का होतो.

एका गोधडीला हातशिलाईचे साधारण पंचवीस तास लागले. चौदा गोधड्यांचे साडेतीनशे, म्हणजे माणशी चाळीसच्या जवळ. काही ओळी घरी रात्री झाल्या. वीसच्या चौदा का झाल्या, ह्याचं उत्तर सेहेचाळीस साड्या आणि हे तास, दुसरं काही नाही.

ह्या तासांवरून एक बोलणं झालं, ते नोंदवून ठेवावंसं वाटतं. मार्काच्या बाराव्या अध्यायातल्या विधवेनं दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकल्या, आणि प्रभू म्हणाला, बाकीच्यांनी आपल्या भरपुरीतून टाकलं, हिनं आपल्या कमतरतेतून. आमच्या साड्या भरपुरीतल्याच होत्या. कपाटात पडलेल्या, नेसणं सोडलेल्या. त्यांना त्याग म्हणू नये, असं आमचं मत झालं. ज्या बायका दिवसभर नोकरी आणि घर करून शनिवारी येत होत्या, त्यांच्याकडे कमतरता होती ती वेळेची. दिलं असेल तर ते तेवढंच. म्हणून रविवारच्या उपासनेतल्या सूचनांत साड्या देणाऱ्यांची नावं वाचायची नाहीत आणि शिवणाऱ्यांचीही नाहीत, असं ऑक्टोबरच्या बैठकीत ठरलं.

त्याच बैठकीत गोधडीवर मंडळीचं नाव किंवा एका कोपऱ्यात क्रूस भरायचा का, हा विषय निघाला. मतं दोन्हीकडे होती. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे वचन सगळ्यांना पाठ आहे, तरी नाव घालावंसं वाटतंच. शेवटी प्रेषितांच्या कृत्यांतल्या टबीथेची गोष्ट पुढे आली. यापोत ती वारली तेव्हा विधवा रडत पेत्राला तिनं शिवलेले अंगरखे दाखवत होत्या. कपड्यावर तिचं नाव असल्याचं कुठे लिहिलेलं नाही. अंगावर घातलेलं लोकांना लक्षात राहिलं. नाव घातलं नाही, क्रूस घातला नाही, पत्रकही जोडलं नाही. पांघरूण घेणाऱ्याला त्या बदल्यात काही ऐकावं लागू नये, ह्यावर पाळकसाहेब ठाम होते. एकीनं इन्कम टॅक्सच्या पावतीचं विचारलं होतं: वस्तूच्या दानाला तेव्हाच्या ८० जी कलमाची करसवलत मिळत नव्हती, ती फक्त पैशाच्या दानाला होती.

१८ नोव्हेंबरला साखर कारखान्याच्या शेतकी विभागाला पत्र दिलं, कारण कोप्या त्यांच्या जागेत होत्या. मधे विधानसभेचं मतदान आलं, २५ तारखेला परवानगी मिळाली. तीन प्रश्न विचारले गेले: बॅनर लावणार का, फोटो काढणार का, भाषण होणार का. तिन्हींना नाही लिहून दिलं आणि सोपं झालं. २७ ला दोघी जणी गोधड्या न घेता गेल्या आणि ऊसतोड टोळीच्या मुकादमांना भेटल्या. ही भेट टाळू नका. एका तळावर चाळीस कोप्या असतील आणि तुमच्याकडे चौदा गोधड्या, तर तुमच्या मागे भांडण लागेल. मुकादमांनी तेरा कोप्यांचा लहान तळ सांगितला. एका कोपीला एक, सगळ्यांना सारखी.

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात नियम आहे: शेजाऱ्याचं पांघरूण गहाण घेतलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत कर, त्याच्याकडे तेवढंच आहे, तो काय पांघरून निजेल? आम्ही वेळ ठरवली ती त्यावरूनच, दिवस मावळायच्या आत. १४ डिसेंबर, शनिवार. ओळखीच्या छोट्या हत्तीचं (लहान टेम्पोचं) डिझेल ३०० रुपये. साडेपाचला फडावरून माणसं येत होती, बैलांपुढे वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाकलं जात होतं. रांग लावली नाही. मुकादमांच्या बायकोकडे गठ्ठे दिले, त्यांनी आपल्या हातानं कोपीकोपीत पोचवले. आम्ही चहा घेतला.

त्यांच्यातल्या एका वयस्कर मावशींनी गोधडी मांडीवर घेतली आणि उलटी करून पाहिली. ह्या बायका गोधड्या आमच्यापेक्षा जास्त जाणतात, त्यांच्या कोपीत स्वतः शिवलेल्या वाकळी होत्या. त्यांनी धावदोऱ्यावरून अंगठा फिरवला, मान हलवली, मग कोपरा दोन बोटांत धरून दाखवला. "हितं दोन धावे आणिक घाला, ताई. रातीला लेकरं हितनंच वढत्यात, मंग समदं उसवतंय." कोपऱ्यावर आम्ही गोट नुसता दुमडून एकच टाका मारला होता. उरलेलं अख्खं रीळ आणि सुया सोबत होत्या, त्या तिथेच ठेवल्या. मावशींनी लगेच सुई ओवायला घेतली.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायका, त्यांत ख्रिस्ती घरंही बरीच आहेत, त्यांच्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांना रंगीत कापडाच्या घड्या बसवतात आणि त्यांना फुलं म्हणतात. आम्ही ती नुसती शोभा समजत होतो. मावशींनी कोपरा दाखवल्यावर त्या घड्यांचं दुसरं कामही लक्षात आलं. चौदावी गोधडी नमुना म्हणून मंडळीत ठेवली आहे. २१ डिसेंबरला तिच्या चारही कोपऱ्यांना चार इंची चौकोनाची दुहेरी घडी बसवली, वरून दोन धावे मारले. एका कोपऱ्याला चाळीस मिनिटं लागतात, म्हणजे गोधडीमागे जवळपास पावणेतीन तास जास्त. वेळेचा हिशेब करताना ते धरून चला.